कमी वयात कंबर का धरते? (बायकांनी जास्त लिहा, पुरुषांनी लिहिलं तरी चालेल)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. वय २७, लग्न नाही, मूलबाळ नाही, कधी पडले नाही, जड काही उचललं नाही, तरी गेले कित्येक महिने कंबर दुखतेय. अकाउंट्सची नोकरी, नाशिकला कॉलेज रोडला ऑफिस, राहायला पाथर्डी फाटा, जाणं-येणं स्कूटीवर. आई म्हणते अशक्तपणा आहे लाडू खा. ऑफिसमधली ताई म्हणते डी व्हिटॅमिन कमी असणार. जिमवाला म्हणतो कोअर (म्हणजे पोट-पाठीचे स्नायू) वीक आहे मॅडम, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या. आणि शेजारच्या काकू म्हणतात लग्न झालं की थांबेल, ते कसं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.
तर ज्यांना ज्यांना पंचविशी-तिशीत हा त्रास झाला त्यांना शेवटी कारण काय निघालं ते सांगा. गूगल कर म्हणू नका, करून झालंय, त्याच्या मते मी फार दिवसांची सोबती नाही.

तिखट_रस्सा
पाथर्डी फाटा ते कॉलेज रोड स्कूटीवर म्हणालात ना, मग उत्तर मिळालं की. सिंहस्थ जवळ आला, गावभर खोदून ठेवलंय, मणके जागेवर आहेत हेच नशीब. धागा बंद करायला हरकत नाही. (हलके घ्या)

मंदाकाकू_पंचवटी
अगं बाळा उसण भरली असेल. पायाळू माणूस बघ आणि पाठीवरून पाय फिरवून घे, आमच्याकडे सगळे तेच करायचे. रात्री झोपताना कोमट तिळाच्या तेलाने मालिश, सकाळी डिंकाचा लाडू, त्यात खारीक घालायची विसरू नकोस. आणि तुम्हा मुलींचं ते जमिनीवर बसणं सुटलं ना, तिथूनच सगळं सुरू झालं.

तिखट_रस्सा
काकू मी पायाळू आहे. लाथेचे दर इनबॉक्समध्ये सांगतो, धाग्यावरच्या सभासदांना सवलत.

शुभ्रा_इंदिरानगर
माझं बी१२ आणि डी दोन्ही तळाला होतं. डी तर ९ आलं होतं, २० च्या खाली म्हणजे कमतरता म्हणतात. आठवड्याला एक ६०,००० युनिटवालं डी चं सॅशे दिलं होतं डॉक्टरांनी दोन महिने, फरक पडला. अंग ठणकायचं ते गेलं. कंबर मात्र थोडीफार राहिलीच, त्यामुळे तेच कारण होतं का ते देव जाणे. आणि एक, मनाने सॅशे घेत सुटू नका, ते जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो.

सातपूरकर
आमच्या घरचीचं असंच होतं. एमआरआय काढला, एल४-एल५ (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) मध्ये गॅप निघाला. ऑपरेशन सांगितलं होतं एकाने. आम्ही घाबरलो आणि दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले काही गरज नाही, चालायला लागा. आता तिचं वय ३१, बरी आहे. ऑपरेशनचे पैसे वाचले त्यात गाडी बदलली.

फिजिओ_म्हसरूळ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघते, म्हणून जरा मोठं लिहिते.
सातपूरकर दादा, तुमचं उदाहरण चांगलं आहे. ज्यांना काहीही दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ मध्ये छापून आला होता, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली दिसली आणि ३७ टक्के लोकांची झिजलेली. दुखत काहीच नव्हतं! म्हणजे रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' लिहून आलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. आमच्याकडे मुली फाईल घेऊन येतात आणि बसायच्या आधी सांगतात "मॅडम माझ्या मणक्यात गॅप आहे", आणि तेव्हापासून वाकायलाच घाबरतात, मग स्नायू आखडतात आणि दुखणं वाढतं.
कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के केसेसमध्ये बोट ठेवता येईल असं एकच कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, बसण्याची पद्धत, झोप, टेन्शन सगळं मिळून असतं. पण उरलेल्यांमध्ये जी कारणं असतात ती तरण्या बायकांमध्ये नेमकी हुकतात, कारण सगळे आधी अशक्तपणा किंवा बाळंतपण म्हणून मोकळे होतात.
म्हणून गोदाकाठची, कारण नंतर बघू, आधी मला सांग की कधी दुखतं. सकाळी उठल्यावर की संध्याकाळी? बसून वाढतं की चालून? पाळीच्या आधी वाढतं का? कळ पायात उतरते का? ताप, वजन कमी होणं, लघवीला जळजळ? याची उत्तरं दे, मग बोलू.

मंदाकाकू_पंचवटी
हिने बघ कसं नीट विचारलं. आमच्या डॉक्टरांनी नाडीसुद्धा नाही बघितली.

दोन_पोरांची_आई
माझं सिझरच्या त्या मणक्यातल्या इंजेक्शनपासून सुरू झालं. आज पोरगा ४ वर्षांचा आहे, नेमकं सुई टोचली तिथेच दुखतं. माझ्या तिन्ही जावांचं सेम. कोणीही काहीही म्हणो त्या सुईनेच वाट लागते बायकांची.

फिजिओ_म्हसरूळ
ताई, सुईच्या जागी थोडे दिवस दुखतं हे खरं. पण इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना करून बघितलीय, लांब पल्ल्याच्या कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. नॉर्मल झालेल्यांचीही दुखतेच की. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाचं हार्मोन ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैल करतं, पोटाचे स्नायू ताणून मधोमध विलग होतात, आणि मग वर्षभर आपण वाकून दूध पाजतो, बाळाला एकाच कडेवर घेतो. तुम्ही कुठल्या कडेवर घेता आणि कुठल्या बाजूला जास्त दुखतं ते बघा बरं.

दोन_पोरांची_आई
डावी. आणि दुखतं पण डावीकडेच. तरी मला सुईचंच वाटतं 😄

रेवा
कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझी कंबर पाळीच्या आठवडाभर आधी दुखायला लागायची, पाळीत तर मांड्यांपर्यंत कळा. कॉलेजात असताना प्रत्येक महिन्याला दांडी. घरी म्हणायचे सगळ्यांनाच होतं, तुझंच काय कौतुक. सोनोग्राफी नॉर्मल यायची, मग तर बोलायलाच तोंड नाही. पुढे संडासला जातानासुद्धा त्या दिवसांत दुखायला लागलं तेव्हा एका गायनॅक मॅडमनी नीट बसवून विचारलं आणि त्यांना एंडोमेट्रिओसिसची शंका आली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे पेशींचे पुंजके बाहेर, अंडाशयावर, मागच्या लिगामेंटवर वाढतात, म्हणून कंबरेत दुखतं. दुर्बिणीतून बघितलं तेव्हा नक्की झालं. सोनोग्राफी साफ असली तरी हे असू शकतं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दहातल्या एका बाईला असतो हा आजार, आणि नाव मात्र मी तिशीत पहिल्यांदा ऐकलं.
साधी पाळीची कंबरदुखी वेगळी, ती प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे होते, गोळी घेतली शेकलं की दोन दिवसांत जाते. गोळी घेऊनही ऑफिसला जाता येत नसेल तर ते 'सगळ्यांनाच होतं' मधलं नाही.

शुभ्रा_इंदिरानगर
रेवा +१. धन्यवाद इतकं मोकळं लिहिल्याबद्दल.

दिंडोरीची_सून
ऑफिसवाल्या बायकांचं चाललंय ते वाचलं, आता थोडं बागेतलं सांगते. आमच्या द्राक्षबागेत डिपिंगच्या वेळी बायका मगमध्ये जीएचं (घडांच्या वाढीच्या औषधाचं) पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवतात, मांडव डोक्याच्या वर, म्हणजे दिवसभर मान मागे, हात वर आणि कंबर मागे वाकलेली. त्याच बायका पुढे कांद्याच्या लागणीला जातात तिथे दिवसभर उलटं, पुढे वाकून, एका हातात रोपांची जुडी. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मुली १९-२० वर्षांच्या असतात. रात्री ओढणी गच्च आवळून बांधतात कमरेला आणि झोपतात. दुसऱ्या दिवशी परत घडाखाली उभ्या. त्यांना कोणी कोअर वीक आहे म्हणेल का? माझ्यापेक्षा दुप्पट ताकद आहे एकेकीची.
मी स्वतः सासूबाईंशी भांडून पाट ठेवलेत बागेत, बुटक्या बायका त्यावर उभ्या राहतात, मान आणि कंबर कमी मागे जाते. आणि मध्ये पाच मिनिटं बसू द्यायचं. उक्त्यावर काम असलं की त्या स्वतःच बसत नाहीत हा भाग वेगळा.

येवलेकर
आमच्या येवल्यात पैठणीच्या मागावर पण तेच आहे. पाय खाली खड्ड्यात, पायाने दांड्या दाबायच्या, हात पुढे आणि पाठ वाकलेली, पाठीला टेका काही नाही. माझी बहीण पदर विणते, बारीक काम, नजर खिळलेली असते त्यामुळे तासन् तास हलायचंच नाही. पंचविशीत तिला उठताना मागाची कड धरून उठावं लागायचं. पैठणी नेसणारीला यातलं काय कळणार म्हणा.

तिखट_रस्सा
आता मला जोक करायची लाज वाटायला लागलीय.

नाशिकरोड_लोकल
मी पंचवटी एक्सप्रेसने मुंबई अपडाऊन करायचे. ट्रेनमधलं टॉयलेट नको म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, ऑफिसला पोचल्यावर काय ते. एकदा कंबर दुखायला लागली, एकाच बाजूला, बरगडीच्या खाली. मला वाटलं सीटमुळे. रात्री हुडहुडी भरून ताप आला. किडनीला इन्फेक्शन निघालं, लघवीतून वर चढलेलं. तेव्हा पाठ दुखतेय आणि ताप पण आहे असं असेल तर मलम चोळत बसू नका. मुतखड्याची कळ वेगळी, ती लाटेसारखी येते आणि जांघेत उतरते, माणूस एका जागी बसूच शकत नाही, ते माझ्या नवऱ्याने दाखवलंय.

मंदाकाकू_पंचवटी
अंगावरून पांढरं जातं त्याने पण कंबर जाते हे कोणी लिहिलं नाही. हाडं झिजतात त्याने.

रेवा
काकू, हे मी माझ्या मॅडमना विचारलं होतं कारण आजीपण हेच म्हणायची. त्या म्हणाल्या साधं पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत, ते महिन्याच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होतच असतं. पण वास येत असेल, खाज असेल, ओटीपोटात दुखत असेल तर आत इन्फेक्शन असू शकतं आणि त्याने कंबर दुखू शकते, तेव्हा औषध घ्यायचं. मुली हे घरी सांगायला लाजतात आणि वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

गोदाकाठची
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी. ऑफिसमधून चोरून वाचतेय.
फिजिओ ताई, उत्तरं. सकाळी ठीक असते. दुपारी जेवण झाल्यावर सुरू होतं आणि संध्याकाळी सहाला खुर्चीतून उठताना अर्धी वाकलेलीच उठते. चाललं की जरा सुटतं. महिनाअखेरीला क्लोजिंग असतं तेव्हा सगळ्यात वाईट. पाळीचा संबंध वाटत नाही. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. ताप नाही. वजन कमी व्हायची तर मी वाट बघतेय.

फिजिओ_म्हसरूळ
यावरून तरी बसण्याचं वाटतंय, म्हणजे घाबरण्यासारखं नाही. तरी एकदा कोणीतरी हात लावून तपासायला हवं, इथे वाचून मी निदान करणार नाही. खुर्चीत तुझे पाय जमिनीला टेकतात का? बऱ्याच ऑफिसांत खुर्च्या पुरुषांच्या उंचीच्या असतात, बायका पुढे कडेवर येऊन बसतात आणि पाठ टेकतच नाही.

गोदाकाठची
नाही टेकत!! खुर्चीच्या चाकांवर पाय ठेवून बसते मी. माझी उंची पाच फूटही नाही.

सातपूरकर
ए४ पेपरची रिमं ठेव दोन पायाखाली. आमच्या कंपनीत हेच करतात मुली.

लाकडी_पलंग
सगळ्यावर एकच उपाय, गादी फेकून द्या आणि फळीवर झोपा. मी २२ वर्षांची असल्यापासून फळीवर झोपते.

शुभ्रा_इंदिरानगर
आणि कंबर दुखायची थांबली?

लाकडी_पलंग
नाही.

तिखट_रस्सा
हाहाहा. आजचा बेस्ट प्रतिसाद.

फिजिओ_म्हसरूळ
😂 गादीवर २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या, मध्यमवाल्यांना जास्त आराम पडला. फळीची गरज नाही. आणि दुखतंय म्हणून दिवसभर आडवं पडून राहणं, हे पूर्वी आम्हीच सांगायचो, आता सांगत नाही. जेवढं झेपतं तेवढं हलत राहायचं. कंबरेच्या पट्ट्याचंही तसंच, प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको.

रोमातली
मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. गोदाकाठचीने सकाळी बरं असतं लिहिलंय, माझं बरोबर उलटं आहे म्हणून विचारते. वय २५. पहाटे तीन-चारला कंबरेने जाग येते. सकाळी उठले की तासभर मी लाकडासारखी असते, मोजे घालता येत नाहीत, भाऊ घालून देतो. मग कामाला लागले, हातपाय हलले की दुपारपर्यंत चांगली होते. सुट्टीच्या दिवशी लोळत पडले तर जास्त दुखतं. घरचे म्हणतात कामचुकारपणा, सकाळी बरी दुखते आणि मैत्रिणी आल्या की पळते. कधी उजव्या कुल्ल्यात कधी डाव्या. एक्स-रे नॉर्मल आहे. टाच पण दुखते पण त्याचा काय संबंध.

फिजिओ_म्हसरूळ
संबंध असू शकतो, म्हणून हे नीट वाच. आरामाने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी, रात्रीच्या उत्तरार्धात उठवणारी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणारी, चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली कंबरदुखी ही सुजेची असू शकते. स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात, जुन्या लोकांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव माहीत असेल. पूर्वी हा पुरुषांचा आजार समजला जायचा त्यामुळे बायकांमध्ये निदान जास्तच उशिरा होतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाच्या (सॅक्रम) दोन्ही बाजूच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये दिसू शकतं. तू ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखव, हाडाच्या डॉक्टरांना नाही, संधिवाताच्या. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, उजेड सहन न होण्याइतका?

रोमातली
गेल्या दिवाळीत. सगळे म्हणाले फटाक्यांच्या धुराने.

फिजिओ_म्हसरूळ
हे सगळं एका कागदावर लिहून ने. डोळा, टाच, पहाटेची जाग, घरात कोणाला सोरायसिस किंवा असा सांध्यांचा आजार आहे का ते पण. एचएलए-बी२७ नावाची टेस्ट सांगतील, ती पॉझिटिव्ह आली तर लगेच रडू नकोस, पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि निगेटिव्ह असूनही होऊ शकतो. आता यावर चांगली औषधं आहेत.

चांदवडचा_भो
एक माझंही टाकतो. मावसबहीण, २३ वर्षांची, नर्सिंगला होती. पाठ दुखते पाठ दुखते म्हणायची, सगळे म्हणले ड्युटीमुळं. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरत चाललं, त्यात पण मैत्रिणी म्हणायच्या काय भारी बारीक झाली. मणक्याचा टीबी निघाला भो. खोकला अजिबात नव्हता. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळाली, वर्षाच्या वर चालली, मध्ये एक दिवस चुकू दिला नाही मावशीनं. आता परत ड्युटीवर आहे.

मंदाकाकू_पंचवटी
ऐकून पोटात गोळा आला. बरी आहे ना आता, देवाची कृपा.

सातपूरकर
मग एमआरआय काढायचा की नाही काढायचा? आधी म्हणालात रिपोर्टमध्ये काही दिसलं तरी तेच कारण असतं असं नाही.

फिजिओ_म्हसरूळ
उगाच नको, कारण असेल तर लगेच. ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारं दुखणं, पडल्यावर सुरू झालेलं, आधी कॅन्सर झालेला असणं, पायातली ताकद कमी होणं, अशा वेळी थांबायचं नाही. आणि बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली तर त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही, नस कायमची जाऊ शकते. असं फार कमी जणींना होतं, पण माहीत असावं.

दोन_पोरांची_आई
मी उजव्या कडेवर घ्यायला लागले धाकटीला. आता उजवीकडे पण दुखतंय 😐

फिजिओ_म्हसरूळ
ताई कडच बदलली, पोटाचं काय? पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. श्वास सोडत पोट हलकं आत घ्या आणि कंबर हळूहळू वर उचला, टाचांवर जोर. पाच आकडे थांबून खाली. दुखलं तर तिथेच थांबा, उंच उचलायची चढाओढ नाही. सुरुवातीला आठ-दहा वेळा पुरे. ते पोट कमी करायचे उठाबशासारखे क्रंचेस मात्र तुम्ही सध्या करू नका.

गोदाकाठची
अपडेट देते. ऑर्थोकडे जाऊन आले, पाय उचलून बघितले, बोटांवर टाचांवर चालवलं, काही गंभीर नाही म्हणाले, एक्स-रेसुद्धा नको म्हणाले. फिजिओ सुरू केलंय. रिमं मिळाली नाहीत, जुन्या लेजरचे दोन गठ्ठे ठेवलेत पायाखाली, ऑडिटरने विचारलं तर काय सांगायचं ते ठरवतेय. काकू, लाडूही चालू आहेत, त्याने कंबरेचं माहीत नाही पण वजन नक्की वाढलंय. फिजिओ ताई, क्लोजिंगच्या आठवड्यात व्यायामाला वेळच मिळत नाही, तेव्हा काय करू?

फिजिओ_म्हसरूळ
फोन आला की उभं राहून बोलायचं. पाण्याची बाटली टेबलवर न ठेवता लांब ठेवायची, म्हणजे उठावं लागतं. तेवढा आठवडा एवढंच कर.

रोमातली
मला पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट मिळालीय, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची. भाऊ येणार आहे सोबत. तिथे जाताना दुखायची गोळी घेऊन जाऊ की न घेता? नाहीतर त्यांच्यासमोर नेमकं काहीच दुखणार नाही.

फिजिओ_म्हसरूळ
तुझी सकाळची अवस्था त्यांना तोंडी नीट सांग, ते तपासण्याइतकंच महत्त्वाचं आहे. गोळीचं त्यांच्या क्लिनिकला फोन करून विचार, आणि गोळी घेतल्यावर किती फरक पडतो ते पण लिहून ने, त्यांना ते विचारायचंच असतं.